तैलरंग घरच्या घरी: पहिला कॅनव्हास, थरांचं गणित आणि पावसाळा

गेरू
१२ जून, रात्री ९:४०

जलरंग किंवा अॅक्रिलिक बऱ्यापैकी येतं, आता तैलरंगाला हात घालायचाय, अशांसाठी हा धागा. रेखाटन, प्रमाण, छायाप्रकाश यांवर इथे बोलायचं नाही, त्यावर भरपूर लिहून झालंय. इथे फक्त माध्यम. पहिल्या वर्षात जी तैलचित्रं वाया जातात त्यांतली अर्धीअधिक तेल चुकल्यामुळे जातात, हात कच्चा असल्याचा दोष त्यात थोडाच असतो.

मुळापासून सुरू करू. जलरंग वाळतो म्हणजे पाणी उडून जातं. तैलरंगातलं तेल उडत नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि हळूहळू घट्ट होऊन त्याचा पापुद्रा बनतो. रंगाची पूड त्या पापुद्र्यात अडकून राहते. स्वयंपाकघरातलं शेंगदाणा किंवा खोबरेल वर्षभर उघडं ठेवलं तरी असं घट्ट होत नाही, म्हणून ते रंगात चालत नाही. जवस, अक्रोड, खसखस आणि करडई ही चार तेलं चालतात. जवसाचा पापुद्रा सगळ्यांत मजबूत, पण तो पिवळसर होतो. करडईचा कमी पिवळा पडतो, पण उशिरा वाळतो आणि जरा नाजूक असतो. बऱ्याच कंपन्या पांढरा रंग करडईच्या तेलात घोटतात तो यासाठीच.

यातून एकच नियम निघतो: खालच्या थरात तेल कमी, वरच्या थरात जास्त. तेल जास्त असलेला थर उशिरा वाळतो आणि वाळताना बराच काळ हलत राहतो. त्याच्यावर कमी तेलाचा, लवकर वाळणारा थर दिलात की वरचा कडक होतो, खालचा अजून हलतोय, आणि वरच्याला भेगा पडतात. ओल्या भिंतीवर घाईने दिलेल्या चुन्यासारखंच.

खरेदी. टिटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, कॅडमियम यलो, कॅडमियम रेड, एक गार (निळसर झाकेचा) लाल, अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, आयव्हरी ब्लॅक. बाकीचे २० मिलीचे पुरतात, पांढरा मात्र ४० मिलीचा किंवा मोठाच घ्या, तो बाकीच्यांच्या दुपटीने संपतो. हिरवा लगेच नको. पिवळ्यात काळा किंवा निळा घालून जे हिरवे मिळतात ते आपल्याकडच्या झाडांना ट्यूबमधल्या भडक हिरव्यापेक्षा शोभतात.

ब्रश: डुकराच्या केसांचे फिल्बर्ट (चपटे, गोल टोकाचे) ४, ६, ८ नंबर, एक १२ चा चपटा, बारीक कामाला २ नंबरचा सिंथेटिक गोल. एक पॅलेट नाइफ, मधे खोलगट वाकवलेला, म्हणजे बोटं रंगात जात नाहीत. पॅलेट म्हणून काचेचा तुकडा, कडा घासून घेतलेला, खाली राखाडी कागद. पांढऱ्या पॅलेटवर सगळेच रंग गडद वाटतात आणि चित्र फिकं होतं.

---

पाटीपेन्सिल
१२ जून, रात्री १०:१५

हार्डवेअरच्या दुकानात जवसाचं तेल आणि रंग पातळ करायचं टर्पेंटाइन दोन्ही लिटरवर मिळतं, आणि आर्टच्या दुकानातल्या छोट्या बाटलीपेक्षा खूपच स्वस्त. चालेल का? आणि मुंबईतल्या वन बीएचकेत टर्पेंटाइनच्या वासाचं काय करायचं?

---

टर्पिनवाला
१३ जून, सकाळी ७:५०

तेल नको, टर्पेंटाइन निम्मं चालेल.

हार्डवेअरमधलं तेल बहुधा 'डबल बॉइल्ड' असतं. ते लाकडाला लावायला बनवलेलं. लवकर वाळावं म्हणून त्यात ड्रायर मिसळलेले असतात, रंग मधासारखा गडद, आणि चित्रात ते भराभर काळपट पिवळं होतं. चित्रासाठी रिफाइंड जवस तेलच घ्या. १०० मिलीची बाटली हौशी माणसाला वर्षभर जाते, कारण ते रंगात फार घालायचंच नाही.

टर्पेंटाइन म्हणून हार्डवेअरमध्ये जे मिळतं ते बहुतेक वेळा खनिज तेलापासून काढलेलं असतं, चीड झाडाच्या राळेपासूनचं नव्हे. ब्रश खंगाळायला उत्तम. चित्राच्या थरात मात्र आर्टच्या दुकानातलं वापरा. परीक्षा सोपी आहे: पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका, दुसऱ्या दिवशी तेलकट डाग राहिला असेल तर ते रंगात घालू नका. रॉकेल याच कारणासाठी नको, ते उडता उडत नाही आणि मागे तेलकटपणा ठेवून जातं. लॅकर पातळ करायचं एनसी थिनर तर घरातही आणू नका.

वासाबद्दल: समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या हव्यात, भांड्याला झाकण हवं, आणि काम चालू असताना टर्पेंटाइनची वाटी मोठी नको, बाटलीच्या झाकणाएवढी पुरते. 'वासरहित' लिहिलेलं असतं त्याची वाफ येतेच, फक्त नाकाला कळत नाही, त्यामुळे ते जास्त फसवं. लहान घरात दुसरा मार्ग: टर्पेंटाइन वापरायचंच नाही. पहिला थर ट्यूबमधला रंग तसाच घेऊन ताठ ब्रशने कोरडा घासून लावायचा. ब्रश आधी फडक्याने नीट पुसायचा, मग करडईच्या तेलात बुडवून पुन्हा पुसायचा, शेवटी साबण. वेळ दुप्पट लागतो, पण बंद खोलीत हेच शहाणपणाचं.

---

मांजरपाट
१३ जून, दुपारी १:०५

नाव सार्थ करायला कापडावर लिहितो.

तेल थेट कापडाला लागता कामा नये. वाळताना तेलात आम्लं तयार होतात आणि ती सुती किंवा लिनन धाग्याला कुजवतात. काही वर्षांत कापड बिस्किटासारखं ठिसूळ होतं. म्हणून मधे अस्तर लागतं. आज त्यासाठी सर्वांत सोपा अॅक्रिलिक गेसो. पहिला हात पाव भाग पाणी घालून, उभा. दोन तासांनी दुसरा, पाणी न घालता, आडवा. वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासायचं, मग तिसरा. त्यानंतर तैलरंग लावायला किमान एक दिवस, शक्यतो तीन दिवस थांबा. तयार कॅनव्हासवरही एक जादा हात द्या, स्वस्तातल्यांचं अस्तर इतकं पातळ असतं की उजेडासमोर धरल्यावर पलीकडचं दिसतं.

गेसोऐवजी लोक जे सुचवतात त्याबद्दल:

भिंतीचा वॉटर प्रायमर फार खडूसारखा असतो (धाग्यावरच्या खडूसशी संबंध नाही). रंगातलं तेल शोषून घेतो आणि रंग पिठासारखा पुसला जातो. नुसता पांढरा गोंद पाण्यात कालवून लावला तर कापड झाकलं जातं, पण पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि रंगाला धरायला काही उरत नाही. सरस आणि खडूची पूड ही जुनी पद्धत कोरड्या हवेत उत्तम, पण सरस दमट हवेत पाणी धरून फुगतो आणि उन्हाळ्यात आक्रसतो. कोकण, मुंबई, गोवा इथे दर पावसाळ्यात हा खेळ होणार आणि वरच्या रंगाला भेगा जाणार. लातूर-सोलापूरकडे एक वेळ चालेल.

मांजरपाट चौकटीवर ताणायला पातळ पडतो. पण तो ४ मिमी एमडीएफवर चिकटवून वर गेसो दिला तर सरावाला याच्यासारखं स्वस्त आणि टिकाऊ काही नाही. एमडीएफला मात्र सहाही बाजूंनी गेसो. चारही कडा सगळ्यांत जास्त पाणी पितात आणि लोक नेमक्या त्याच विसरतात. पुठ्ठ्याच्या कॅनव्हास बोर्डालाही पाठीमागून एक हात द्या, नाहीतर ऑगस्टमध्ये पापडासारखा वाकतो.

---

खडूस
१३ जून, रात्री ८:३०

गेरू यांच्या यादीवर थोडी कुरकुर. 'एक गार लाल' असं मोघम लिहिलंय. दुकानदार अलिझरिन क्रिमसन हातात ठेवेल. मूळ अलिझरिन, म्हणजे ट्यूबच्या पाठीवर पीआर ८३ असेल तर, पातळ थरात आणि पांढऱ्यात मिसळल्यावर उजेडाने फिका होतो. त्याऐवजी क्विनाक्रिडोनचा घ्या, कोड पीव्ही १९.

कोड वाचायची सवय लावाच. पुढचं मोठं नाव कंपनीच्या मर्जीचं असतं, पाठीवरचा कोड खरा. नावामागे 'ह्यू' असेल तर आत मूळ रंगद्रव्य नाही, नक्कल आहे. कॅडमियम यलो ह्यू वाईट नसतो, पण त्याची झाकण्याची ताकद कमी असते, मग माणूस पांढरा घालत बसतो आणि चित्र पिठूळ होतं. पांढऱ्यात पीडब्ल्यू ६ म्हणजे टिटॅनियम, पीडब्ल्यू ४ म्हणजे झिंक. निव्वळ झिंकचा थर काही वर्षांनी ठिसूळ होऊन सुटतो, खालच्या थरांना तर तो नकोच.

आणि थॅलो ब्लू भेट मिळाला तर टाचणीच्या डोक्याएवढा घ्या. वाटाण्याएवढा घेतलात तर आकाश, झाड, टेबल, बनियन सगळं निळं.

---

गेरू
१४ जून, रात्री ९:१०

पीव्ही १९ मान्य, यादीत तोच धरा.

आता एक चित्र टप्प्याटप्प्याने. पितळी तांब्या, दोन लिंबं, खाली पांढरा पंचा. १० × १२ इंच. उजेड डावीकडून, एकाच खिडकीचा. ट्यूबलाइट बंद, दोन उजेड असले की सावल्याही दोन पडतात.

जमीन. पांढऱ्या पृष्ठभागावर सुरुवात करू नका. वाटाण्याएवढा रॉ अंबर टर्पेंटाइनमध्ये कालवून फडक्याने सगळीकडे घासायचा आणि पुसून काढायचा. पाणचट चहाचा रंग राहिला पाहिजे. अंबर दिवसाभरात वाळतो, त्यात मँगनीज असतं आणि ते वाळणं घडवून आणतं.

रेखाटन. शिसपेन्सिलीने नको. तैलरंग वर्षांनुवर्षांनी थोडा पारदर्शक होत जातो आणि शिशाची रेघ वर डोकावू लागते. पातळ अंबर आणि ४ नंबरचा फिल्बर्ट. आधी तांब्याची मधली उभी रेघ, मग लंबगोल. डोळ्याची पातळी तांब्याच्या वर असते, म्हणून तोंडाचा लंबगोल चपटा आणि बुडाचा त्याहून फुगीर. हे उलटं झालं तर तांब्या टेबलावरून घसरतोय असं दिसतं आणि मग कितीही चमक काढली तरी उपयोग नाही.

रंग काढणं. पांढरा सुपारीएवढा, बाकीचे शेंगदाण्याएवढे. मोहरीएवढे ठिपके काढून रंगवणारा माणूस सगळं चित्र भिकाऱ्यासारखं ओरबाडत राहतो. ब्रश लावण्यापूर्वी नाइफने तीन ढीग करा: पितळेचा उजेड, मधला आणि गडद. उजेड म्हणजे ऑकर, थोडा कॅडमियम यलो, किंचित पांढरा. मधला म्हणजे ऑकर आणि रॉ अंबर. गडद म्हणजे रॉ अंबर, बर्न्ट सिएना आणि कणभर अल्ट्रामरीन. हे तीन ढीग शेजारी ठेवून फोनमध्ये कृष्णधवल फोटो काढा. तिघांत फरक दिसत नसेल तर चित्रातही दिसणार नाही.

पहिला थर. गडद आधी. रंग टर्पेंटाइनने सायीसकट दुधाइतपत सैल करायचा, त्याहून पातळ नको. फार पातळ केलात तर रंगाच्या पुडीला धरून ठेवायला तेल पुरत नाही आणि वाळल्यावर बोटाला रंग लागतो. डोळे बारीक करून बघा आणि फक्त मोठे आकार भरा. या थरात पांढरा जवळजवळ नाहीच. चार ते सात दिवस थांबा.

दुसरा थर. एक भाग जवस तेल, दोन भाग टर्पेंटाइन, असं मिश्रण एका छोट्या झाकणात. ते ब्रशच्या टोकाला लावायचं, रंगावर ओतायचं नाही. रंगाच्या पाव भागाहून जास्त कधीच नाही. इथे पितळ घडतं. मातीच्या माठावर उजेडाकडून सावलीकडे हळूहळू उतार असतो, पितळेवर तसा नसतो. गडदाला खेटून एकदम उजेड येतो, मधे करकरीत कड. पोटावर खिडकी वाकून दिसते, तिचे गज मोजता येतात. खालच्या बाजूला लिंबाचा पिवळा परत उमटतो, तो उजेडाच्या पिवळ्यापेक्षा गडदच ठेवा, नाहीतर तांब्याचं बूड हवेत तरंगतं. पंच्याच्या घड्या पांढऱ्याने रंगवू नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा राखाडी करून त्यात पांढरा.

शेवटचा थर. तेल आणि टर्पेंटाइन समान. यात फक्त जिथे हवं तिथे काम. चमक सगळ्यांत शेवटी: पांढरा, त्यात कणभर कॅडमियम यलो, कारण पितळेवरची चमक पितळेचा रंग घेऊन येते. ब्रश भरून एकदा टेकवायचा आणि हात उचलायचा. फिरवलात की खालचा अंबर वर येतो आणि चमक मरते. मेली तर वर आणखी पांढरा थापू नका. नाइफने तेवढा भाग खरवडून काढा आणि पुन्हा एकदा टेकवा.

---

कैरी_लोणचं
१५ जून, सकाळी ११:२०

लिंबाची सावलीची बाजू काळा घालून केली तर शेवाळी हिरवी होते. काळा कमी केला तर सावलीच दिसत नाही. काय करायचं?

---

राखाडी
१५ जून, दुपारी ३:४५

आयव्हरी ब्लॅक हा व्यवहारात एक अंधुक निळा आहे, म्हणून पिवळ्यात गेला की हिरवा होणारच. पानांना हाच वापरा, लिंबाला नको. लिंबाच्या सावलीसाठी कॅडमियम यलोत आधी ऑकर, मग रॉ अंबर, आणि तरी हिरवट वाटलं तर तांदळाच्या दाण्याएवढा बर्न्ट सिएना. तो तांबूस असल्याने हिरवेपणा मारतो. सावली पुरेशी गडद झाली की तिथे उरलेला थोडा हिरवट रंग खरं तर छानच दिसतो, लिंबू पिकलेलं वाटत नाही एवढंच.

याच काळ्याचा दुसरा उपयोग. पांढरा, ऑकर, एक शेंदरी लाल आणि आयव्हरी ब्लॅक एवढ्या चार रंगांची पॅलेट स्वीडिश चित्रकार अँडर्स झॉर्न यांच्या नावाने ओळखली जाते. निळ्याचं काम काळाच करतो. व्यक्तिचित्राच्या सरावाला ही घ्या. चारच रंग असले की चिखल करणं अवघड जातं. चिखल होतो तो चार-पाच रंगद्रव्यं एकाच ढिगात गेल्यावर आणि ब्रश न पुसल्यावर. ब्रश प्रत्येक वेळी धुवायची गरज नाही, पण पुसायचा मात्र प्रत्येक वेळी.

---

टर्पिनवाला
१५ जून, संध्याकाळी ६:३०

पुसायचं म्हटल्यावर फडक्यांचं सांगितलंच पाहिजे, आणि हे धाग्यावरचं सर्वांत महत्त्वाचं.

जवस तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तेल ऑक्सिजन घेताना उष्णता बाहेर पडते. पसरलेल्या फडक्यातून ती निघून जाते, गोळ्याच्या आत कोंडते, तापमान चढत जातं आणि काडी न लावता आग लागू शकते. वापरलेली फडकी एकतर तारेवर एकेक सुटी पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका. टिश्यू पेपरलाही हेच लागू.

गढूळ टर्पेंटाइन बेसिनमध्ये ओतू नका. उंच बरणीत दोन दिवस स्थिर ठेवा, गाळ तळाला बसतो, वरचं स्वच्छ दुसऱ्या बरणीत काढा आणि पुन्हा वापरा. गाळ कागदावर वाळवून टाका. ब्रशला शेवटी कपड्याचा वडीचा साबण, तळहातावर गोल गोल, फेस पांढरा येईपर्यंत. केसांच्या मुळाशी, पत्र्याच्या टोपीत रंग साचला की ब्रश झाडूसारखा पसरतो आणि तो पुन्हा सरळ होत नाही.

---

पाटीपेन्सिल
९ जुलै, रात्री १०:००

तांब्या झाला. तीन प्रश्न. एक, पार्श्वभूमीचा काळा तीन आठवडे झाले तरी चिकट आहे. दोन, तांब्याच्या सावलीचा भाग ओला असताना झकास होता, आता राखेसारखा निस्तेज दिसतोय. तीन, पंच्यावर एका जागी साय धरल्यासारख्या सुरकुत्या आल्यात.

---

राखाडी
१० जुलै, सकाळी ९:१५

एकेक घेऊ.

काळा: आयव्हरी ब्लॅक सगळ्यांत उशिरा वाळणाऱ्यांपैकी आहे, कॅडमियम आणि गार लालही त्याच पंगतीत. पातळ थरात आठवडा-दहा दिवस, त्यात तेल घातलं असेल आणि हवेत दमटपणा असेल तर महिना. खिडकीजवळ उजेडाच्या खोलीत ठेवा, कपाटात नको. अंधारात ठेवलेलं जवस तेल जास्त पिवळंही पडतं. पंख्याखाली धरून काही होत नाही, धूळ तेवढी चिकटते. पुढच्या वेळी मोठ्या गडद पार्श्वभूमीला अल्ट्रामरीन आणि अंबर मिसळून काळा करा, अंबरमुळे दोन-तीन दिवसांत हाताला लागेनासा होतो. सगळ्यांत वाईट म्हणजे या चिकट काळ्यावर आता घाईने पातळ अंबर मारणं. भेगा ठरलेल्या.

निस्तेज भाग: खालच्या थराने किंवा गेसोने वरचं तेल पिऊन टाकलंय. रंग बिघडलेला नाही. पूर्ण वाळल्यावर अर्धं जवस तेल, अर्धं टर्पेंटाइन असे दोन-तीन थेंब बोटाने तिथे चोळा, पाच मिनिटं थांबा आणि जुन्या सुती धोतराच्या तुकड्याने जवळजवळ सगळं पुसून काढा. मूळ गडदपणा परत येतो. त्याच जागी पुढे रंगवायचं असेल तर हे करूनच रंगवा, नाहीतर फिक्या झालेल्या रंगाशी जुळवायला जाल आणि चुकाल.

सुरकुत्या: जाड थरात तेल जास्त झालं. वरची साय धरली, आत ओलं राहिलं. दुरुस्ती नाही. नाइफने खरवडा, वाळू द्या, पुन्हा करा. कोबाल्ट ड्रायरने घाई करणाऱ्यांना हेच बक्षीस मिळतं, तो वरचाच पापुद्रा आधी कडक करतो. लवकर वाळवायचंच असेल तर अल्किड मीडियम (रंगात मिसळायचं, लवकर वाळणारं राळेचं द्रव्य) घ्या आणि ते पहिल्या थरापासून वापरा. फक्त मधेच, तेलकट थरावर अल्किड नको.

---

मांजरपाट
१० जुलै, दुपारी २:३०

पावसाळ्याची पुरवणी. कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवू नका, मागे बुचाचे तुकडे चिकटवून बोटभर हवा सोडा. पाठीवर पांढरी-हिरवी बुरशी आली तर ओल्या कापडाने पुसू नका, ती आणखी पसरते. बाहेर नेऊन कोरड्या मऊ ब्रशने झटका, नाकावर रुमाल बांधून, आणि पाठीला थोडं ऊन दाखवा. ओली चित्रं एकमेकांना तोंड करून रचू नका. कापड सैल पडलं तर चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी हलक्या ठोका. खिळे काढून पुन्हा ताणायची गरज नसते.

उरलेला रंग टिकवायचा असेल तर काचेच्या पट्टीवर काढून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आत लवंगेच्या तेलाचा एक थेंब टाकलेला कापूस. लवंग तेल वाळणं लांबवतं, आठवडाभर रंग मऊ राहतो. रंगात थेट घालू नका.

---

अनुस्वार
१२ जुलै, रात्री ११:५०

न्यू जर्सीत बेसमेंटमध्ये रंगवतो. इथे दमटपणा नाही, डीह्युमिडिफायर चालू असतो, तरी वाळायला उशीरच. आणि पांढरे भाग पिवळट.

---

राखाडी
१३ जुलै, सकाळी ८:४०

दोन्हींचं कारण बेसमेंट. थंडी आणि अंधार. वाळणं ही रासायनिक क्रिया आहे, गारठ्यात मंदावते. पिवळेपणा बराचसा परतवता येतो: चित्र दोन-तीन आठवडे वरच्या मजल्यावर उजेडाच्या खोलीत ठेवा, कडक उन्हात नाही. पांढरा पुढच्या वेळी करडई किंवा अक्रोडाच्या तेलातला घ्या, पण फक्त वरच्या थरांत.

---

खडूस
२० जुलै, संध्याकाळी ७:२०

थर समजायचे तर फोनवरचे फोटो आणि छापील प्रती बघून उपयोग नाही. रविवर्म्यांची चित्रं घराघरांत गेली ती १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या छापखान्यातून, आणि छपाईत रंगाची जाडी सपाट होते. त्यावरून नक्कल करणाऱ्याला फक्त आकार मिळतो. सातारा जिल्ह्यात औंधच्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्मा आणि चित्रकार म. वि. धुरंधर यांची मूळ कामं आहेत. गोव्याकडच्यांनी पणजीत फुंदासांव ओरिएंत या संस्थेतली चित्रकार ए. एक्स. त्रिंदाद (१८७०–१९३५) यांची चित्रं बघावीत. समोर उभं राहू नका. बाजूने, जवळजवळ कडेवरून बघा. सावलीत रंग इतका पातळ की कापडाची वीण दिसते, आणि कपाळ, दागिने, बाही अशा उजेडाच्या जागी तो उठलेला. जाड उजेड आणि पातळ सावली हे एकदा डोळ्याने पाहिलं की गेरू यांचा अर्धा धागा आपोआप कळतो.

---

पाटीपेन्सिल
१८ नोव्हेंबर, रात्री ९:०५

धागा वर काढतोय. तांब्या आता पूर्ण कोरडा लागतो. व्हार्निश करू का? हार्डवेअरमध्ये कोपल व्हार्निश मिळतंय.

---

टर्पिनवाला
१९ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

कोपल लाकडासाठी. पिवळं पडतं आणि नंतर काढता येत नाही. चित्राचं व्हार्निश कधीही काढता आलं पाहिजे, कारण धूळ आणि धूर त्यावर बसतात, चित्रावर बसायला नकोत. डामर राळेचं निघतं, पण तेही पिवळं होतं. आर्टच्या दुकानातलं काढता येणारं सिंथेटिक घ्या.

हाताला कोरडं लागणं वेगळं आणि आतपर्यंत वाळणं वेगळं. पातळ थरांना सहा महिने, जाड असतील तर वर्ष. कापसाच्या काडीला किंचित टर्पेंटाइन लावून कोपऱ्यातल्या काळ्यावर हलकं फिरवा. काडीला रंग आला तर चित्र तयार नाही. तुमची पार्श्वभूमी आयव्हरी ब्लॅकची आहे, त्यामुळे रंग येईल असाच अंदाज. जानेवारीत पुन्हा बघा.

करायचं तेव्हा कोरड्या हवेच्या दिवशी, चित्र आणि बाटली दोन्ही खोलीच्या तापमानाला आलेली. दमट दिवशी व्हार्निशवर पांढुरकी झाक येते. चित्र आडवं ठेवा, रुंद मऊ ब्रश, एका दिशेने पातळ हात, परत मागे फिरायचं नाही. राहिलेली जागा दुसऱ्या दिवशी.

---

पाटीपेन्सिल
१९ नोव्हेंबर, रात्री ८:१०

काडी काळी झाली. थांबतो. दरम्यान ऑकरच्या ट्यूबचं झाकण घट्ट बसलंय, पिळलं तर ट्यूबच फाटेल असं वाटतं.

---

मांजरपाट
१९ नोव्हेंबर, रात्री ८:२५

पिळू नका. झाकण खाली करून गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, मग कापडाने धरून फिरवा. काडेपेटी दाखवायचा उपाय कोणी सांगेल, पण शेजारी टर्पेंटाइन असताना तो नको. तरी निघालं नाही तर ट्यूब खालच्या घडीकडून उघडा, रंग काढा आणि पुन्हा दुमडून चिमटा लावा. आणि पुढच्या वेळी झाकण लावण्याआधी मळसूत्र पुसा.